सकाय

आज चौकात कुणाच्या तरी मोटारसायकलच्या जळक्या क्लचचा वास आला आणि साक्रीच्या अलीकडचं ते गॅरेज आठवलं. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर वडिलांना माझ्या मोटारसायकलवरूनच समुद्र बघायचा होता. भुसावळ ते दमण, मुक्काम सोडा, चहाचे थांबेही त्यांनी गाड्यांच्या वेळापत्रकासारखे आखले होते. धुळ्याच्या पुढे एका चढावर क्लच प्लेटी जळाल्या. गाडी ढकलत नेली तेव्हा मेकॅनिक म्हणाला, "सकाय भेटी जाई गाडी, नाना." आम्ही भुसावळकडचे, आम्हाला ते 'सकाळी' ऐकू आलं. उजाडायच्या आत वडील अंघोळ करून, हेल्मेट चढवून गॅरेजच्या बंद शटरसमोर बसले. मेकॅनिक ऊन चढल्यावर आला आणि हसला, "सकाय म्हंजे उद्या, नाना, सकाळी नही. दिन आते तं उगना!" प्लेटी सुरतहून यायच्या होत्या. त्या आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही तेच, "सकाय." मी म्हटलं, "नाना, बसनं जाऊ, पुढचं पुढे बघू." ते म्हणाले, "गाडीवर ठरलंय ना आपलं?" माझी रजा संपली आणि मोटारसायकल टेम्पोत घालून आम्ही परतलो. टेम्पोतही त्यांनी हेल्मेट काढलं नव्हतं. आता ते अंथरुणावरून उठत नाहीत. पण उजाडलं की विचारतात, "समुद्राला कधी निघायचं रे?" मी त्यांचं पांघरूण सारखं करतो आणि म्हणतो, "सकाय, नाना."