मरोळची पांढरी रेघ

आमच्या सोसायटीच्या अंकात दरवर्षी कोणीतरी थायलंड नाहीतर काश्मीर लिहितं. यंदा सेक्रेटरीबाईंनी मला जिन्यात गाठलं. "तुम्ही कुठे गेला नव्हता का हो?" गेलो होतो ना. मुलुंडहून बोरिवलीला. हसू नका! नकाशात ही दोन ठिकाणं शेजारी-शेजारी दिसतात, मध्ये फक्त नॅशनल पार्कचा डोंगर. बिबट्या सकाळी निघाला तर नाश्त्याला पोहोचेल. माणसाने मात्र अख्ख्या डोंगराला वळसा घालायचा.

बरोबर माझी भाची सायली होती. वय एकोणीस, शिक्षण चालू, डोक्यात फक्त तिरंदाजी. बोरिवलीच्या एका मैदानावर उपनगर जिल्ह्याची निवड चाचणी होती आणि पहिल्या चार मुली राज्याच्या चाचणीला जाणार होत्या. यंदा ती पहिल्यांदाच मोठ्यांच्या गटात, सत्तर मीटरवर उतरत होती. माझ्या बहिणीने, म्हणजे तिच्या आईने, आधीच बजावलं होतं, "ह्या वेळी नाव आलं तर बघू, नाहीतर धनुष्य माळ्यावर आणि तू नोकरीला." माझी बहीण बोलते ते करते. तिच्या माळ्यावर माझी हार्मोनियम वीस वर्षं पडली आहे.

नऊला सरावाचे बाण, साडेनऊला खरी स्पर्धा. आम्ही सातला रिक्षा पकडली. पवईच्या अलीकडेच रिक्षावाल्याने गाडी वळवली आणि गॅसच्या रांगेत नेऊन उभी केली.

"अहो, निघताना नाही का भरायचा?"

"दहा मिनटं, साहेब. उतरून पाय मोकळे करा."

पुढे चाळीस रिक्षा. माझं डोकं फिरलं. रिक्षावाला मूळचा जुन्नरकडचा, माणूस गप्पिष्ट. मागे ठेवलेली लांबलचक बॅग बघून म्हणाला, "काय वाजवता, ताई?"

"धनुष्य आहे, काका."

"मग ऑलिम्पिकला जाणार का? तिथे कसं जातात हो?"

हा प्रश्न मला विचारायचा नसतो. माझा रक्तदाब त्यावरच वाढलेला आहे. तरी सांगितलं. आधी जिल्हा. मग राज्य. मग राष्ट्रीय स्पर्धा. तिथे वर आलात तर शिबिराची चाचणी, त्यातून भारताचा संघ. त्या संघाने जागतिक आणि आशियाई स्पर्धांत जाऊन ऑलिम्पिकची जागा मिळवायची. आणि एवढं सगळं करून ती जागा देशाची! ज्याने बाण मारून आणली त्याची नव्हे. कोण जाणार हे ठरवायला देशात पुन्हा चाचणी घेऊ शकतात.

रिक्षावाला विचारात पडला. "म्हणजे रांगेत एकाने उभं राहायचं आणि आत दुसऱ्याने जायचं?"

"बरोबर बोललात."

"मग ताई, तुम्ही का करता हे?"

सायली हसली. "मला पिवळ्यात, म्हणजे टार्गेटच्या मधोमध, बाण घुसल्याचा आवाज आवडतो."

गॅस भरून निघालो तेवढ्यात ही बया किंचाळली, "मामा, टॅब!" टॅब म्हणजे बोटं कापू नयेत म्हणून दोरी ओढताना घालायची चामड्याची पट्टी. ती राहिली होती मरोळला, माझ्या गाळ्यात.

"शाब्बास! डोकं तरी आणलंयस का?" मी ओरडलो. "एक वस्तू नीट सांभाळता येत नाही आणि चालली ऑलिम्पिकला!" मरोळ येईपर्यंत माझा पट्टा चालूच होता.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत मी फिटर आहे. आता मुलुंडकरांनो, एक सांगा, आपल्याकडे सत्तर मीटर सलग मोकळी जागा कुठे दाखवता? जिथे पंच्याहत्तर पावलं मोकळी सापडतात तिथे टॉवर उगवतो. सायलीच्या सरांकडे जेमतेम तीस मीटर. म्हणून दर रविवारी शेड बंद असताना ती माझ्या गाळ्यामागच्या बोळात सराव करते. एका टोकाला भिंत, भिंतीच्या पायाशी गटार, गटाराच्या अलीकडे टार्गेटचं स्टँड. दुसऱ्या टोकाला उभं राहायची पांढरी रेघ. ती रेघ मी स्वतः मोजून, ऑइल पेंटने मारली आहे. टॅब घेऊन निघताना वॉचमनला मी ती मुद्दाम दाखवलीसुद्धा. "बघ, दोन वर्षं झाली, टवका उडाला नाही." त्याने मान डोलावली.

बोरिवलीला पोहोचलो तेव्हा साडेनऊ. सरावाचे बाण संपले होते. टेबलावरच्या बाईंनी घड्याळ दाखवलं आणि नंबर हातात दिला. "पहिला एंड चालू होतोय. पळ." एंड म्हणजे सहा बाणांची फेरी. अशा बारा फेऱ्या, मग बेरीज. मी मनातल्या मनात त्या गॅसच्या रांगेला ज्या शिव्या घातल्या त्या अंकात छापता येणार नाहीत.

सायली रेषेवर उभी राहिली. मी मागे, दुर्बीण डोळ्याला लावून. पहिला बाण खाली, काळ्या पट्ट्यात. दुसराही तिथेच. तिने मागे वळून बघितलं. धनुष्यावर नेम धरायला साइट (वरखाली सरकवायचा ठिपका) असते. तिचा हात तिकडे गेला.

"साइटला हात लावू नकोस!" मी म्हणालो. "सत्तरची खूण बरोबर आहे. तुझा हात ढिला पडतोय. नीट सोड!"

तिने ऐकलं. सहाच्या सहा बाण खाली गेले. टार्गेटपर्यंत जाऊन ती परत आली तेव्हा चेहरा उतरला होता. मग मला न विचारता तिने साइट थोडी खाली सरकवली; ठिपका खाली आला की बाण वर जातो. पुढच्या फेरीत दोन पिवळ्यात, चार शेजारच्या लालमध्ये. पुढे शेवटपर्यंत तसंच. मी वेड्यासारखा टाळ्या वाजवत होतो. वाटलं, बघा, मी ओरडलो म्हणून हात सुधारला!

जेवणाच्या सुट्टीत झाडाखाली बसून आम्ही घावणे (तांदळाच्या पिठाची जाळीदार धिरडी) आणि खोबऱ्याची चटणी खाल्ली. शेजारी एक पंच डबा उघडून बसले होते. पांढरे केस, हळू बोलणारे.

"मुलगी चांगली मारते. पहिल्या फेरीत काय झालं?"

"हात ढिला पडला," मी म्हणालो.

"सहा बाण एका जागी होते. ढिला हात सहा वेळा एकाच जागी मारत नाही. सराव कुठे करते?"

"मरोळला. सत्तर मीटरवर. मोजलंय मी स्वतः."

"टार्गेटपासून?"

मी घास गिळला. टार्गेटपासून? टेप लावून मोजलं तेव्हा मी एकटाच होतो. दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं, म्हणून हुक भिंतीतल्या खिळ्याला अडकवला होता. भिंतीच्या खिळ्याला! स्टँड नंतर आलं, गटाराच्या अलीकडे. देवा रे. सायली चटणी पुसून खात होती. तिने ऐकलं की नाही, कळलं नाही.

तीनला यादी लागली. सायली पाचवी. चौथीपेक्षा नऊ गुण कमी. पहिल्या फेरीतच तिचे पंचवीसच्या वर गुण वाया गेले होते.

परतीच्या रिक्षात ती बाहेर बघत होती. आरेच्या जवळ हळूच म्हणाली, "मामा, माझा हात ऐन वेळेला का रे ढिला पडतो?"

मी रिक्षावाल्याला मरोळला घ्यायला सांगितलं.

बोळात ऊन होतं. कपाटातून टेप काढली, स्टँडच्या पायाला अडकवली, रेघेपर्यंत नेली. सदुसष्ट. दोन वर्षं पोरगी सदुसष्ट मीटरवर सराव करत होती, साइटवरची खूणही तिथलीच, आणि मी सगळ्या मुलुंडला सत्तर सांगत फिरत होतो. टॅब विसरली म्हणून सकाळी तिला काय-काय बोललो! लाज वाटली, अगदी स्पष्ट सांगतो.

"रेघ चुकलीय," मी म्हणालो. "मी चुकलो. तीन मीटर."

ती टेपवरचा आकडा बघत राहिली. मला वाटलं आता भडकणार. तिचे डोळे भरून आले आणि चेहरा मात्र सकाळपासून पहिल्यांदा सैल झाला.

"म्हणजे हात ढिला नव्हता?"

"नव्हता गं. कधीच नव्हता."

तिथूनच बहिणीला फोन लावला, स्पीकरवर, आणि भिंत, खिळा, गटार सगळं सांगितलं. माळा, नोकरी, काय ते तिने ठरवावं, पण चूक पोरीच्या नावावर टाकू नये.

"मगे (मग) आता तरी नीट मोज ना रे मेल्या!" आणि तिने फोन ठेवला.

मी गाळ्यातून रंगाचा डबा आणि ब्रश आणला. टेप गुंडाळून सवयीने भिंतीकडे चालायला लागलो. सायलीने ती माझ्या हातातून काढून घेतली आणि टार्गेटच्या पायाशी जाऊन उकिडवी बसली.

"तू मागे जा, मामा," ती म्हणाली. "हे टोक मी धरते."