चार पांढरे स्क्रू

तांब्याची डबी माझ्या टेबलावर ठेवून शर्वरी म्हणाली, “मॅडम, एकदाच पुन्हा मोजून द्या. डबी बरोबर निघाली, तर चूक माझ्या हाताची आहे, असं मी मान्य करेन.”

शर्वरी मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत पीएचडी करते. माझं बोईसर एमआयडीसीत लहानसं मशीन शॉप आहे. ड्रॉइंग येतं, त्याप्रमाणे आम्ही धातूचा पार्ट कापून देतो. ही डबीही आमच्याकडेच बनली होती.

तिचं काम मला तिनेच समजावलं होतं. डबीत मायक्रोवेव्ह लहर कोंडायची. आत मोहरीच्या दाण्याहून लहान असा चुंबकी स्फटिकाचा गोळा बसवायचा. पुढे त्याच डबीत एक क्वांटम चिप येणार. लहर, चुंबक, चिप, तिघांचे स्वभाव वेगळे. एकाने दिलेली अगदी बारीक ऊर्जा दुसऱ्याने न सांडता घ्यायची. अशा जोडणीला हायब्रिड क्वांटम सिस्टिम म्हणतात. हे सगळं एका खास फ्रिजमध्ये चालतं, आणि तो पुरेसा थंड व्हायलाच दिवस लागतात.

लहर आणि गोळा यांचं जमलं, की स्क्रीनवर दोन टोकदार शिखरं दिसायला हवीत. शर्वरीला दोन महिने एकच पसरट टेकडी दिसत होती. तिने तीन गोळे बदलले होते. तिच्या सरांना वाटत होतं, ती गोळा नीट चिकटवत नाही. पुढच्या आठवड्यात रिव्ह्यू होता, आणि त्यात हा विषय तिच्याकडून काढून घेणार होते.

आमचे मशिनिस्ट हरेश्वरकाका जवळच्या दांडी गावचे. घरच्यांची मासेमारीची बोट आहे, पण हे पहिल्यापासून लेथवरच रमले. त्यांनी डबी उघडली, आतलं माप घेतलं, झाकण सपाट आहे का ते पाहिलं. सगळं ड्रॉइंगप्रमाणे होतं. शर्वरीचा चेहरा उतरला.

“पोरी, तुजा गोळा बसतो कुठं?” काकांनी विचारलं.

तिने बोट ठेवलं. झाकणाच्या स्क्रूंपासून जेमतेम तीन मिलिमीटरवर.

“गोळ्याभोवतीचं चुंबकी क्षेत्र सगळीकडे सारखं लागतं,” ती म्हणाली. “जरा कमीजास्त झालं की सिग्नल पसरतो.”

मी स्क्रूंकडे पाहिलं. चारही पांढरे होते, स्टेनलेस स्टीलचे. ड्रॉइंगवर पितळेचे होते. डबी पाठवायच्या दिवशी पितळेचे आले नव्हते, म्हणून मीच म्हटलं होतं, “स्टेनलेस लावा काका, त्याला कुठे चुंबक चिकटतो.” संस्थेला कळवायचं राहिलं. खरं सांगायचं तर, कळवावं असं मला वाटलंच नाही.

काकांच्याही लक्षात आलं. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, “स्क्रू मी बदलले हाय. ताईंना ठाऊक नाय.”

मी एक लहान चुंबक दोऱ्याला बांधून स्क्रूजवळ धरला. डोक्याकडे तो हलला नाही. आट्यांकडे नेला, तर हळूच ओढला गेला. स्टेनलेस एरवी चुंबकाला दाद देत नाही. पण आटे दाब देऊन पाडतात, आणि त्या दाबाने त्यात थोडं चुंबकत्व येऊ शकतं. मला हे कॉलेजात शिकवलं होतं.

“काका खोटं बोलतायत,” मी म्हटलं. “स्क्रू मी बदलायला सांगितले होते.”

शर्वरीने तो स्क्रू हातात घेतला. मग म्हणाली, “मी पाहिले होते पांढरे स्क्रू. वाटलं, तुम्ही लावलेत म्हणजे विचार करूनच लावले असतील.”

ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

मी तिच्यासमोरच तिच्या सरांना फोन लावला.

“मुलीला वाचवायला सांगताय का?” त्यांनी विचारलं.

“नाही सर. चूक आमची आहे, म्हणून सांगतेय.”

“लेखी द्याल?”

“आज देते.”

पत्र टाइप होईपर्यंत काकांनी पितळेची कांडी लेथवर चढवली. दुपारी त्यांनी जेवणाचा डबा उघडला आणि तांदळाच्या भाकरीवर सुक्या बोंबलाची चटणी ठेवून शर्वरीपुढे केली. “आदी खा.” खाताना ती रडली. काकांनी मान वळवून मशीनकडे पाहिलं आणि पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला. निघताना तिच्याकडे पितळेचे सहा स्क्रू होते. चार लावायचे, दोन जादा.

रिव्ह्यूमध्ये सरांनी पत्र वाचून दाखवलं आणि तिला आणखी एक संधी मिळाली. नंतर तिने एक फोटो पाठवला. स्क्रीनवर दोन शिखरं, मध्ये स्वच्छ दरी. खाली लिहिलं होतं, ‘माझा हात बरा आहे.’ मी तो काकांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिला.

“ताई, तुमी माजं खोटं उगाच मोडलं,” ते म्हणाले. “माजी नोकरीची दोनच वर्षं राहिलीत. मला कोण काय बोलणार होतं?”

संस्थेने नियमाप्रमाणे वर्षभर आम्हाला काम दिलं नाही. ते योग्यच होतं. मी नोटीस बोर्डावर एक ओळ लावली: ड्रॉइंगमधलं काहीही बदलण्याआधी फोन करावा. खाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या. पहिली माझी आहे.