इसरूभाऊ जागा विचारतो

येरमटोल्यात कुणाला घर बांधायचं असलं की लोक आधी गवंडी शोधत नाहीत, इसरू मडावीला शोधतात. चंद्रपूर जिल्ह्यात मूल गावाहून सिंदेवाहीकडे जाणाऱ्या सडकेवर एक फाटा लागतो, तिथून जंगलात आत शिरलं की हे गाव. घर मातीचं असो की सिमेंटचं, सरकारी योजनेतलं असो की स्वतःच्या कमाईचं, जागेला आधी विचारावं लागतं. आणि विचारायचं काम इसरूच्या घराण्याकडे. आजा करायचा, बाप करायचा, आता हा करतो.

पद्धत साधी आहे. संध्याकाळी त्या जागेवर हातभर जमीन शेणानं सारवायची. त्यावर अख्खे, कुठंही न तुटलेले तांदूळ जोडीजोडीनं मांडायचे. एक जोडी घरधनी आणि घरधनीणीची, एक लेकराबाळांची, एक गुरांची, एक देवांची. वरून पळसाच्या पानाचा दोना पालथा घालायचा आणि गुमान घरी जाऊन झोपायचं. सूर्य वर यायच्या आत दोना उचलायचा. जोड्या जशाच्या तशा असल्या तर जमीन हो म्हणते. एखादा दाणा हलला किंवा गेला, तर दुसरी जागा पाहायची. त्यात वाद नाही.

लोकांचा इसरूवर भरवसा होता, कारण त्याला खोटं बोलता येत नाही. हा काही त्याचा मोठेपणा नव्हे. त्याची तशी बनावटच आहे. बाजारात चोरून भजी खाल्ली तरी बायकोला दारातूनच कळतं, इतका त्याचा चेहरा फितूर. गावातल्या एका बड्या माणसानं सडकेला लागून मोक्याची जागा धरली होती. इसरूनं सकाळी दोना उचलला, पाहिलं आणि म्हणाला, "नाई म्हणते." त्या माणसानं पुन्हा विचारायला लावलं. पुन्हा नाहीच. जोडीला चहा-चिवडाही दिला होता, पण इसरू तो खाऊनही "नाई"च म्हणाला. अशा माणसावर भरवसा ठेवायचा नाही तर कुणावर?

तर असा हा गावाला जागा विचारून देणारा इसरू. एके दिवशी स्वतःच्याच घराच्या जागेपाशी येऊन अडकला.

झालं असं की त्याच्या बायकोला, रुखमाला, चंद्रपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात परिचारिकेची पक्की नोकरी लागली. गावाला केवढा आनंद झाला. कुणी मोहाचे लाडू आणले, कुणी आपलं दुखणं घेऊन आलं. आनंद ओसरल्यावर मात्र प्रश्न उरला, तो रोज जायचं कसं याचा. सकाळची पाळी असली की इसरू अंधारातच मोटरसायकल काढायचा आणि तिला फाट्यावर सोडायचा. मधल्या रस्त्यावर वाघाचा वावर, म्हणून तो सगळ्या वाटेनं हॉर्न वाजवत जायचा. दुपारची पाळी असली की शेवटच्या गाडीची वाट पाहत रात्री फाट्यावरच्या चहाच्या टपरीत बसायचा. तिथून बस एकच सोयीची. ती चुकली की त्या दिवसाची हजेरी चुकली. म्हणून रुखमा कायम पळत असायची. जेवतानासुद्धा ती बसच्या अंदाजानंच घास घ्यायची.

आणि त्यांची मुलगी करिश्मा? सकाळची पाळी असली की ती आई निघताना झोपलेली, दुपारची असली की आई येताना झोपलेली. एकदा अंगणवाडीच्या बाईंनी सहज विचारलं, "तुझ्या घरी कोण कोण हाये?" पोरीनं बाबा सांगितला, आजी सांगितली, दोन्ही बैलांची नावं सांगितली.

"आन् आई?"

"आई दवाखान्यात राह्यते."

गावभर ही गोष्ट हसत हसत फिरली. रुखमासुद्धा हसली. मग भांडी घासायला बसली आणि एकच पातेलं किती तरी वेळ घासत राहिली. इसरूनं ते पाहिलं.

त्या रात्री रुखमा त्याला एवढंच म्हणाली, "अजी, मले बंगला नको. जिथून नोकरीबी होईन आन् पोरीसंग जेवणबी होईन, असं घर पाहा. तुमी साऱ्या गावाले जागा पाहून देता, मले एक पाहून द्या."

आता आली पंचाईत.

रुखमाच्या सोबत काम करणारी रीना नावाची परिचारिका होती. तिनं चंद्रपुरात दवाखान्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर दुसऱ्या माळ्यावरची खोली शोधली. इसरू पाहायला गेला. घरमालकानं नळ सोडून दाखवला, पंखा फिरवून दाखवला. इसरूनं मान डोलावली, पण मनात विचार हाच, की मोहफुलं वाळवायची कुठं आणि बैल बांधायचे कुठं? तरी रुखमासाठी म्हणून दोघं एक रात्र तिथं राहिले. तिचा डोळा चुकवून इसरूनं कोपऱ्यात, फरशीवर, तांदळाच्या जोड्या मांडल्या. सकाळी पाहतो तर एकही दाणा हललेला नाही. 

घरी येऊन त्यानं आईला, सोमारीला, हे सांगितलं. म्हातारीनं सुपातली डाळ पाखडायचं थांबवलं.

"तू जमिनीले इचारलं का फरशीले?"

"दुसऱ्या माळ्यावर जमीन कुठी राह्यते, माय?"

"मंग खालच्या भाडेकरूलेबी इचारून यायचं होतं."

खरं म्हणजे अडचण फरशीची नव्हतीच. रुखमा आणि करिश्मा चंद्रपुरात राहिल्या तर इसरूचं काय? धानाच्या बांधीतलं पाणी पाहायला भल्या पहाटे जावं लागतं, रानडुकरं येऊन गेली की नाही ते बघावं लागतं. सगळे जण रुखमाच्या जाण्यायेण्याची काळजी करत होते. शेतकऱ्यालाही रोज कामावर जावं लागतं, हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. चंद्रपुरात राहून तो रोज वावरात पोचणार कसा? आणि तो गावातच राहिला, तर मग करिश्मा बाईंना सांगेल, बाबा वावरात राह्यते. एक माणूस मिळवायला दुसरा घालवायचा, हे त्याला पटेना.

हा गुंता सोडवला नईमनं. नईमचं मूलमध्ये बसस्टँडच्या मागच्या गल्लीत घर आणि वेल्डिंगचं दुकान. उन्हाळ्यात कूलर, बाकीचे दिवस फाटकं आणि धानाच्या कोठ्या. इसरूची त्याची दोस्ती जुनी. नईमच्या पोटात काही राहत नाही. मनात आलं की ते तोंडातून बाहेर आलंच समजा. इसरूची कहाणी ऐकून त्यानं हातातली लोखंडी पट्टी खाली ठेवली.

"इसरूभाऊ, इतके दिवस मले काऊन नाई सांगितलं? माह्या घराले लागून जमिनीची एवढी पट्टी रिकामी पडून हाये. चंद्रपूर तिकडं, तुमचं वावर इकडं. सकाळी दोघंबी इथून पाठीले पाठ करून निघा, सांजेले इथीच भेटा. भाभीले गाडीची काय चिंता? इथून गाड्याच गाड्या. एक गेली का दुसरी येते."

इसरूला हे इतकं बरोबर वाटलं की त्याला भीतीच वाटली. घरी सांगितल्यावर रुखमाचा चेहरा उजळला आणि सोमारीचा उतरला.

"तुमी जा," म्हातारी म्हणाली. "मी नाई येत. माह्ये देव इथी हायेत."

शेजारीच धाकटा भाऊ खुशाल राहत होता. बैल तो सांभाळणार होता, आईलाही त्यानं सांभाळलंच असतं. पण आईला मागं टाकून जायचं, हे इसरूच्या गळी उतरत नव्हतं. शेवटी तो म्हणाला, आधी जागेला विचारू. ती नाही म्हणाली तर प्रश्नच मिटला. सोमारीला हे पटलं. ती सोबत यायलाही तयार झाली, म्हणे कुणी लबाडी करू नये म्हणून.

ठरल्या दिवशी संध्याकाळी इसरूनं नईमची पट्टी सारवली, स्वतःच्या शेतातले हातसडीचे आखूड, जाडसर तांदूळ मांडले, दोना घातला. नईम श्वास रोखून बघत होता, जणू त्याच्याच पोरीला पाहुणे बघायला आले होते. मुक्काम त्याच्याकडेच होता. त्याची बायको जाहिदा हिनं पाहुण्यांसाठी पुलाव केला. सोमारीनं त्यातला एक लांब दाणा बोटावर घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "बाई, हे तांदूळ होय का शेवया?" जाहिदा हसून हसून लोळायची बाकी राहिली.

रुखमाची दुपारची पाळी होती. ती मूलच्या स्टँडवर उतरली आणि चालत आली, तर करिश्मा उंबऱ्यावर टक्क जागी. रोज या वेळी रुखमाला अजून फाट्यावर उतरून जंगल पार करायचं असायचं. पोरीनं आईचा हात धरला तो सोडलाच नाही. वेगळं ताटही घेतलं नाही. आईच्या ताटात जेवली आणि सारा वेळ बडबडली. बैलांचं, बाईंचं, एका मांजरीचं, जे काय साठलं होतं ते सगळं. सोमारी समोर बसून पाहत होती. तिनं पुलाव दुसऱ्यांदा घेतला.

सकाळी फटफटलं तसा इसरू उठला. मागोमाग नईम, जाहिदा, सोमारी. रुखमा पोरीला कडेवर घेऊन आली. इसरूनं हात जोडले आणि दोना उचलला.

जोड्या जागच्या जागी. एकही दाणा इकडचा तिकडे नाही. नईम "वा" म्हणून गेला.

इसरू मात्र वाकलेला तसाच राहिला. तांदूळ लांब होते. लांब, पांढरेशुभ्र, सुईसारखे सडपातळ. त्याच्या शेतात असा तांदूळ सात पिढ्यांत पिकला नव्हता. सारवणाच्या कडेनं मुंग्यांची एक रांग मात्र अजून चालू होती.

त्यानं आधी नईमकडे पाहिलं. नईमच्या चेहऱ्यावर निव्वळ आनंद. याच्या पोटात असतं तर एव्हाना ओकला असता. रुखमा आत्ताच उठलेली, डोळ्यांत झोप. जाहिदा मात्र सोमारीकडे पाहत होती, आणि सोमारी गल्लीच्या टोकाला बघत होती, जसं काही तिथं फार महत्त्वाचं चाललंय.

इसरूनं आईला बाजूला नेलं. "माय, हे तांदूळ आपले नाईत."

"माहीत हाय. आपले मुंग्यायनं नेले. मी तुह्या आधी उठून पाह्यलं. मंग जाहिदाले मागून आणले." तिनं पदर सारखा केला. "आपले जास्तीचे असते तर तेच मांडले असते. सोबत आणाचं ध्यानात नाई राह्यलं."

बापामागं ज्या बाईनं त्याला हे काम शिकवलं, दाणा नखभर सरकला तरी जी मान हलवायची, तिनं हे केलं होतं. "तूच म्हणत होती का कोणी लबाडी करू नये."

"म्हणलं होतं." म्हातारी जराही शरमली नाही. "पोरगी काल मायच्या ताटात जेवली. पाह्यलं मी. माह्या हातचं ती रोज खाते, पोटभर खाते. पण असं बोलत बोलत कधीच नाई खाल्लं. जमिनीचं मी पाहून घेईन. जमीन रुसते, हात जोडले का मानते. मी जोडीन."

"आन् आपले देव?"

"त्यायले टोपलीत बसवून आणीन. तू मोटरसायकल सावकाश चालवजो."

इसरूच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं ते गमछ्यानं पुसलं आणि परत आला. सगळे वाट पाहत उभे होते. नईमनं विचारलं, "काय म्हणते भाऊ, जागा?"

आता खोटं बोलायला हरकत नव्हती, पण चेहऱ्याला ते जमलं नसतं. "जागा नाई म्हणते," इसरू म्हणाला.

नईमचं तोंड उतरलं. रुखमानं पोरीला जरा घट्ट धरलं.

"पण माय हो म्हणते," इसरू म्हणाला. "तिच्यापुढं जागेची काय बिशाद."

समजायला सगळ्यांना एक क्षण लागला. मग नईम एकदम बोलायला लागला, भिंत कुठून घ्यायची, बैल कधी आणले तर कुठं बांधायचे. जाहिदा चहाला गेली. सोमारी सारवणापाशी बसून हात जोडून जमिनीशी हलक्या आवाजात काही बोलू लागली. ती बराच वेळ बोलत होती. तिला कुणी अडवलं नाही.

रुखमा पायरीवर बसली, करिश्माला पुढ्यात घेतलं आणि तिचे केस विंचरायला लागली. तिला आज सकाळची पाळी होती. तिकडं स्टँडवर चंद्रपूरच्या गाडीनं हॉर्न दिला. इसरू सवयीनं ताडकन उठला, किल्ली शोधू लागला. "अवो, गाडी लागली, चाल लवकर."

रुखमानं मान वर केली नाही. एक वेणी झाली होती, दुसरी व्हायची होती.

"जाऊ द्या तिले," ती म्हणाली. "मी पुढच्या गाडीनं जाईन."