कडी तुटलेली ट्रंक

दुर्ग स्टेशनवर दादाने माझी ट्रंक उचलली, तेव्हा मायचा चेहरा उजळला. अपघातानंतर त्याने कुणाचं काही उचललं नव्हतं. पुढच्याच क्षणी त्याने ती फलाटावर आपटली. कडी तुटली. सुती साड्या, प्राणिशास्त्राची पुस्तकं, पितळी डबा, चिवडा, मी नीट लावून भरलेलं सगळं लोकांच्या पायांत गेलं.

“जाय कलकत्त्याले, माशा मार!” तो ओरडला.

बाबांनी सगळ्यांदेखत त्याच्या मुस्काटात मारली. दादानेही हात उगारला, उजवा. तो मनगटापाशीच संपत होता. दोघेही त्या थोट्या हाताकडे बघत राहिले. गाडी सुटली तेव्हा मी पुस्तकांवरचा चिवडा झटकत होते.

तुमच्यातले जे भिलाईत राहिले आणि जे माझ्यासारखे निघाले, दोघांसाठी हे लिहिते. क्रमाने लिहिते, मला तसंच जमतं.

आम्ही भंडाऱ्याकडचे. भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता तेव्हा बाबा गवंडीकामाला आले आणि दादा खलासी झाला. तारेच्या दोराने अवजड सामान बांधून क्रेनला लावायचं, हे त्याचं काम. ते दिवस शांत नव्हते. नंदिनीच्या चुनखडीच्या खाणीत सुरुंग उडत, इकडे जमिनीत खांब ठोकले जात, क्वार्टरमधली भांडी फळीवरून सरकत. एका दुपारी दोर तुटला. जाड पत्रा खाली आला आणि दादाचा पंजा खांबाशी चेचला गेला. पत्रा हटवेपर्यंत तो शुद्धीवर होता. बोटं कुठली आणि हातमोजा कुठला, वेगळं करता येईना, म्हणून मनगटापासून हात कापला. हे त्याच्या जोडीदारांनी सांगितलं. तो कधीच बोलला नाही.

तो फोडायचा. कप, आरसा, कंदील. एकदा दाराची फळी. मायने काचेचं सगळं शेजारी नेऊन ठेवलं. त्याचं लग्न तुमसरच्या कमलशी ठरलेलं होतं. कमलचे वडील विचारायला येत आणि माय म्हणे, “आधी पोराचं भरून येऊ द्या, मंग पाहू.” घराला चुना, सणाचे कपडे, माझं पुढचं शिक्षण, सगळ्याला तेच उत्तर. शेवटी बाबांनीच मला गाडीत बसवलं. मी गेल्यावर ते सेक्टरभर सांगत सुटले, “माही पोट्टी कापलेलं उगवाचं शिकून राहिली.” दादाही ऐकत होता. लग्नाचं काढलं की म्हणायचा, “हात येऊ दे.” थट्टा की खरं, कुणी विचारायला धजलं नाही.

कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत मी दिवसभर कापाकाप करत होते. पिकल्या केळ्यावर घोंघावणाऱ्या त्या बारीक माशा. त्यांच्या अळीच्या अंगात एक इवलीशी पिशवी असते, पुढे तिचाच पंख होतो. आम्ही ती सुईने चिरायचो, चिमट्याने चिरडायचो. काम झालेल्या माशा तेलाच्या बाटलीत बुडवायच्या. पहिल्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही, मग जाऊ लागलं.

तिथे मी एक गोष्ट पाहिली. धडधाकट अळ्या वेळ झाली की काचेवर चढून कोष करतात. जखमी अळी चढत नाही. फाटलेली असते एक पिशवी, पण थांबतं सगळं शरीर. खात राहतं. तुटलेलं भरलं की मगच कोष. हे पाहिलं आणि मला आमचं क्वार्टर आठवलं.

पुढच्या हिवाळ्यात तुमसरहून निरोप आला, आता शेवटचं काय ते सांगा. मी दोन शिश्या घेऊन घरी गेले. एकीत धडधाकट अळ्या, दुसरीत जखमी. काच पाहून मायने कपाळाला हात लावला. दादा मात्र रोज त्यांच्यापुढे उकिडवा बसू लागला. एका शिशीत सगळ्यांचे कोष झाले. दुसरीतल्या अळ्या फिरतच होत्या.

“ह्या काहून थांबल्या वो, मास्तरीण?”

“जखम भरून राहिल्या. मीच चिरडल्या होत्या.”

“भरते?”

“भरते. पंख पुरा येते.”

“अन् मोठ्या माशीचा तोडला तं?”

बाबा दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, नको म्हणून.

“नाही येत, दादा. मोठं झाल्यावर कधीच येत नाही.”

पहिली शिशी भिंतीवर फुटली. दुसरी त्याने मुठीत दाबली, काच कडकन मोडली. रक्ताळल्या हाताने त्याने बाबांची गचांडी धरली. “अन् तुमी गावभर सांगत होते!” माय मधे पडली, तिच्या लुगड्यावर लाल पंजा उमटला. मग त्याने हात सोडला.

“माय, तुमसरले कळव. हात येत नाही म्हना. असाच पाहिजे असन तं लगन लावा, नसन तं पोरीले मोकळी करा. आता कोनी थांबाचं नाही.”

कमलचे वडील आठवड्यात आले. हसावं की रडावं अशा चेहऱ्याने त्यांनी मुलीचं उत्तर सांगितलं: “मले कोनी इचारलं होतं का? मी कवाचीच हो म्हनली असती.”

आता बाबा नाहीत, क्वार्टरही परत केलं. दादा-वहिनी दुर्गच्या पद्मनाभपुरात राहतात, मी अजून कलकत्त्यात. ट्रंकेची कडी मी दुरुस्त केलेली नाही. दरवेळी निघताना दादा तिला दोर बांधतो, एक टोक दातात, एक डाव्या हातात, झाकणावर गुडघा. खलाशाची गाठ. “सुटली तं सांगजो,” म्हणतो.

ती सुटत नाही. इथे पोचल्यावर मला ती सुरीने कापावी लागते.