डावीकडे न वळणारी मान

मी धंद्याने शिंपी. रेवदंड्याच्या बाजारात आयुष्यभर मशीन चालवलं, आता मुलगा चालवतो. दिवसभर कापड, मापं आणि गिऱ्हाइकांची घाई, त्यात भुताखेतांना सवड कुठली? कोणी चकव्याची गोष्ट रंगवायला लागला की मी विचारायचो, "आधी ताडी किती झाली होती ते सांग." आजही दाराला लिंबू-मिरची बांधणाऱ्यांतला मी नाही. पण ऐन पंचविशीत माझ्या मानेच्या दुखण्यात जे झालं, ते कुठल्या खणात ठेवायचं हे मला अजून कळलेलं नाही. या सदरात दुसऱ्यांचे अनुभव वाचतो, म्हणून धीर करून लिहितोय.

साल एकतीस असेल, नाहीतर बत्तीस. लग्नसराई होती. माझं दुकान कोटाच्या वेशीजवळ, अगदी चिंचोळं. उजेडासाठी मशीन दाराशी. उजव्या हाताला गिऱ्हाइकांचं बाकडं आणि डाव्या हाताला भिंत. मशीन आणि भिंतीच्या मध्ये जेमतेम एक माणूस अंग चोरून उभा राहील एवढी फट. हे मुद्दाम सांगतोय.

एका सकाळी उठलो तर मान धरलेली. उसण भरली असेल म्हणून सोडून दिलं. पण ती उतरेना. उजवीकडे मान वळायची, डावीकडे मात्र सुताएवढी नाही. मानेपासून खांद्यापर्यंत दोरखंड ताणून बांधल्यासारखं वाटायचं. मग एकेक सुरू झालं... डोक्याच्या मागे ठणका, हाताला मुंग्या, कानात गुंई, सकाळी उठताना भोवळ. जबडा असा आवळलेला की भाकरी चावताना डोळ्यांत पाणी यायचं. उपाय म्हणाल ते केले. तव्यावर मीठ तापवून पुरचुंडीने शेकलं, निर्गुडीचा पाला बांधला, उशी टाकून दिली, मान कमी वाकावी म्हणून मशीनखाली फळ्या सारल्या. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

अशात एकदा हिराबाई कोळीण चोळ्या शिवायला आली. भर सकाळ. बाकड्यावर टेकली आणि म्हणाली, "भाव, आधी त्या पोरीचं माप घे. कवाची उभी हाय. मना घाई न्हाय."

"कोण पोरगी?"

"ही काय, तुज्या बाजूला!"

मान वळत नव्हती म्हणून मी अख्खा स्टुलासकट वळलो. समोर भिंत. भिंतीला टांगलेली कात्री.

हिराबाई म्हणाली, "गेली वाटतं. तोंड काय दिसलं न्हाय मना, तुज्याकडंच करून उभी व्हती."

फटीतून बाहेर जायचं तर माझ्या मांडीवरून जावं लागलं असतं. पण म्हातारीची नजर अधू असेल, असं म्हणून मी चोळीचं माप लिहून घेतलं.

पुढे खाडीपलीकडे साळावला एका लग्नघरी मापं घ्यायला जायचं होतं. होडी कासमचाचांची. पन्नाशीचा, निर्व्यसनी, पाचवेळचा नमाजी माणूस. होडीत आम्ही दोघंच. मी कडेला बसलो, मापाची पट्टी गळ्यात. चाचा वल्हं मारता मारता म्हणाले, "मास्तर, बाईमाणसाला मध्ये घ्या. कडेला पाणी उडेल अंगावर."

मी पुन्हा सगळं अंग वळवून बघितलं. खाडीचं पाणी, पलीकडे कोर्लईचा डोंगर... बस्स. परत चाचांकडे बघितलं तर त्यांचा चेहरा उतरलेला. "या अल्लाह," एवढंच पुटपुटले आणि धक्का येईपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही. उतरताना मी त्यांचा हात धरला.

"चाचा, काय बघितलंत?"

"मास्तर, बुरा मानू नका. परतीला दुसरी होडी बघा."

"पण बघितलंत काय?"

ते हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही वळलात तशी तीही वळली. तुमच्या डाव्या अंगालाच राहिली. आणि सगळा वेळ तुमच्या तोंडाकडे बघत होती... तुम्ही कधी बघता याची वाट बघत असल्यागत."

दुसऱ्याच दिवशी टांग्याने अलिबागला डॉक्टरांकडे गेलो. भला माणूस. नीट तपासलं, समजावून सांगितलं. मान घालून काम करणाऱ्यांचे स्नायू आखडतात, डोकेदुखी, चक्कर, मुंग्या सगळं त्यातूनच. विश्रांती घ्या, शेक घ्या, काळजी करू नका. मानेला दुखणं ओढून घेणारा बेलाडोनाचा औषधी पट्टा लावून दिला. बाकीचं मी त्यांना बोललोच नाही. काय बोलणार?

आणि सांगायची गोष्ट म्हणजे गुण आला! मशीन बंद ठेवलं तशी डोकेदुखी गेली, मुंग्या गेल्या, जबडा सुटला. फक्त मान तेवढी डावीकडे वळेना. आता दुखतही नव्हती. नुसती वळत नव्हती.

माझी बायको येसू पहिल्या बाळंतपणाला चौलला माहेरी होती. बरं वाटतंय म्हटल्यावर दुपारी पायीच निघालो. वाडीतून वाट, दोन्हीकडे पोफळी, चांगलं ऊन. येसू ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. मला बघून हसली, मग माझ्या खांद्याशेजारी बघून पदर सारखा केला आणि विचारलं, "ह्या कोण?"

मी ओटीची पायरी चढता चढता थांबलो.

तिने सूप खाली ठेवलं. "अहो, ह्या तुमच्या एवढ्या जवळ का उभ्या आहेत?"

सासूबाई आतून आल्या. त्यांनी काय बघितलं देव जाणे. येसूला दंडाला धरून आत नेलं आणि एकट्या दारात आल्या. हात जोडून म्हणाल्या, "जावईबापू, राग धरू नका. पोर पोटुशी आहे. हे जे काय आहे ते गेल्याशिवाय आमच्या दारात पाय ठेवू नका."

आतून येसूच्या रडण्याचा आवाज येत होता. मी तसाच परतलो. वाटेत एकच विचार... मान वळायला हवी. एकदा डोळ्यांनी बघितलं की तिथे कोणी नाही, म्हणजे हा खेळ संपेल.

आमच्या शेजारच्या आळीत सारामावशी राहायच्या. बेने इस्रायली कुटुंब, म्हणजे आपले कोकणातले ज्यू. तेलाचा घाणा होता त्यांचा. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणत. मावशींचा हात गुणाचा. बाळंतिणी, लचकलेले कोळी, सगळ्यांना त्या तेल लावून चोळून द्यायच्या. रविवारी दुपारी त्यांच्या अंगणात गेलो. काही लपवलं नाही, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "लोक काय, दिसतं ते बोलतात, न्हाय दिसत तेबी बोलतात. बस पाटावर."

घाण्याचा बैल फिरत होता, त्यांची मुलगी रिबका बैलामागे होती. मावशी माझ्या पाठीशी बसल्या. कोमट तीळतेल घेऊन अंगठे रोवले. "दगुड हाय रे हा," म्हणाल्या. बराच वेळ चोळत राहिल्या. हळूहळू खांदा सैल झाला, मग मानेच्या मुळाशी सुतळीची गाठ सुटावी तसं काहीतरी सुटलं. इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले.

आणि मान वळायला लागली.

मी वळवत नव्हतो. हनुवटीला कोणी एक बोट लावून लाडाने तोंड फिरवावं तशी ती आपणहून डावीकडे चालली होती. तुळशीवृंदावनाशिवायचं ते मोकळं अंगण, तेलाचे डबे, रिबकाचं लुगडं, सगळं संथपणे नजरेसमोरून सरकत होतं. मग डोळ्याच्या कोपऱ्यात आली केसांची एक बट. ओली. तिच्यामागे गालाची कड...

मावशींचे दोन्ही तळवे माझ्या कानशिलांवर आदळले.

"नको! सदा, बघू नको! डोळे मीट!"

मी मिटले. त्यांनी माझं डोकं छातीशी दाबून धरलं. मान मात्र त्यांच्या हातात जोर करत होती, माझी असून माझी नसल्यासारखी. वर त्या त्यांच्या प्रार्थनेतले शब्द भराभर म्हणत होत्या. घाण्याची करकर थांबली होती. मग एकदम जोर ओसरला. मावशींचे हात गळून पडले.

"झालं," त्या म्हणाल्या. "बघ आता."

मी डावीकडे बघितलं. अगदी सहज मान वळली. तेलाचे डबे, भिंतीवर ऊन. कोणी नव्हतं. वळून मावशींकडे बघितलं तर त्या तोंड उजवीकडे करून बसल्या होत्या, डावा हात मानेवर.

"जा घरी," म्हणाल्या. "बायकोला आणायला जा."

त्यानंतर माझ्या शेजारी कोणाला काही दिसलं नाही. सासूबाईंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि दारातून बाजूला झाल्या. येसूला मुलगी झाली, दोघी सुखरूप घरी आल्या.

सारामावशींची मान मात्र त्या दिवसापासून डावीकडे वळली नाही. मी शेकायला मीठ तापवून नेलं, निर्गुडी नेली, अलिबागच्या डॉक्टरांना टांगा करून आणलं. म्हाताऱ्या बाईने जास्तच जोर लावला असेल, ते म्हणाले. तेही खरं असेल. मी त्यांच्या शेजारी कधीच कोणाला बघितलं नाही, हे शपथेवर सांगतो. पण घाण्याचा बैल त्यांना जवळ येऊ देईना. डोळ्यावर झापड असूनही त्या डाव्या अंगाने आल्या की फुरफुरायचा, दावं तोडायला बघायचा. शेवटी रिबकाने बैल विकला.

एकदा मी विचारलंच, "मावशी, तुम्ही काय बघितलंत?"

"तोंड न्हाय बघितलं. तुझ्याकडं व्हतं." मग म्हणाल्या, "हसत व्हती रे. गाल हलताना दिसला."

काही वर्षांनी पावसाळ्यात मावशी तापाने गेल्या. मी भेटायला गेलो तेव्हा रिबकाने मला बाजूला घेऊन सांगितलं. गेल्या त्या सकाळी ती आईला पेज भरवत होती. मावशींची मान, इतक्या वर्षांत न हललेली, अलगद डावीकडे वळली. तिकडे नुसती भिंत. मावशी तिकडे बघून म्हणाल्या, "अगं, तू होय!" आणि गेल्या.

"कशा बोलल्या?" मी विचारलं. "भिऊन?"

"नाही हो, सदाभाऊ. ओळखीचं माणूस दारात आलं की बोलतो ना आपण, तसं."

मी आता ऐंशीच्या घरात आहे. पुष्कळांना विचारलं, कोणी हे म्हणालं, कोणी ते. पटेल असं उत्तर मिळालं नाही. ती मावशींच्या ओळखीची होती, तर आधी माझ्याजवळ येऊन का उभी राहिली? आणि त्या दुपारी माझी मान पुरी वळली असती, तर मीही तेच म्हणालो असतो का... अगं, तू होय?