दारे-खिडक्यांच्या खात्याची पाटी

सचिवालयाच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत पेंटर चौतीस वर्षं मंत्र्यांच्या पाट्या रंगवत होता. गडद हिरवी फळी, पांढरी अक्षरं, वर खातं, खाली मंत्र्याचं नाव. वरची ओळ तो आधीच रंगवून ठेवी आणि खालची जागा कोरी सोडी. माणसं येतात-जातात, खाती तीच राहतात, असा त्याचा अनुभव होता.

इमारतीची रीत त्याच्याहून जुनी होती. दारावर पाटी लागल्याशिवाय मंत्री कुठल्याही कागदावर सही करत नसे. नियमांच्या पुस्तकात हे कुठेच नव्हतं. पण मोडून बघायची हिंमत आजवर कुणाला झाली नव्हती.

पेंटरची निवृत्ती दहा आठवडे रखडली होती. कागद तयार होते, फक्त इमारत खात्याच्या मंत्र्याची सही हवी होती, आणि मंत्रीच नव्हता. निवडणुकीत कुणालाच बहुमत मिळालं नव्हतं. तीन पक्ष मिळून सरकार करायला बसले होते. शिपायांनी त्यांना थोरला, मधला आणि धाकटा अशी नावं पाडली होती.

बायको ठरल्या तारखेला सामान घेऊन लेकीकडे निघून गेली होती. क्वार्टरमध्ये एक सतरंजी आणि एक पातेलं राहिलं होतं. चहा त्याच पातेल्यात, जेवणही त्याच पातेल्यात.

‘‘अहो, झाली का आज तरी सही?’’ ती रोज फोनवर विचारी.

‘‘मंत्रीच नाही, तर सही कोण करणार?’’

‘‘मग करा की एखादा मंत्री.’’

‘‘मी फक्त पाटी करतो.’’

‘‘लग्न झाल्यापासून हेच ऐकतेय.’’

अखेर सगळी खाती वाटून झाली. इमारत खातं तेवढं उरलं, कारण त्यात गळक्या छपरांच्या तक्रारींपलीकडे काही नव्हतं. ते धाकट्याच्या गळ्यात बांधायचं आणि सोमवारी तिन्ही पक्षांनी करारावर सह्या करायच्या, असं ठरलं. हे कानावर आल्यावर पेंटरने शनिवारीच इमारत खात्याची पाटी नव्याने रंगवली आणि सहा नंबरच्या दारावर वाळायला टांगली.

‘‘पेंटर, इथे कशाला?’’ म्हाताऱ्या शिपायाने विचारलं.

‘‘दुपारचं ऊन इथेच येतं.’’

सहा नंबरची खोली इमारतीतली सर्वांत मोठी होती. दोन खिडक्या, बागेकडे तोंड, आत स्वतंत्र न्हाणीघर. तासाभरात मधल्या पक्षाचे सरचिटणीस तिकडून गेले, थबकले आणि आल्या पावली परतले. इमारत खातं सहा नंबरमध्ये? म्हणजे थोरल्याने आतल्या आत काहीतरी शिजवलं होतं. संध्याकाळपर्यंत तिन्ही पक्षांना इमारत खातं हवं होतं. ते मिळालं नाही तर पाठिंबा काढू, असं तिघांनी लेखी कळवलं.

पेंटर सरचिटणिसांना भेटायला गेला. ‘‘साहेब, ती पाटी मी वाळायला लावली होती.’’

‘‘असं सांगायला कुणी पाठवलं तुम्हाला?’’

अकरा दिवसांनी तोडगा निघाला. खात्याचे तीन तुकडे झाले: पाया थोरल्याला, भिंती मधल्याला, छपरे धाकट्याला. पेंटरने तिघांच्या पाट्या केल्या, त्या वाळल्या, आणि तो आपली फाइल घेऊन दारोदार फिरला.

‘‘तुम्ही जमिनीखाली काम करता?’’ पायामंत्र्यांनी विचारलं.

‘‘तळमजल्यावर, साहेब.’’

‘‘मग आमच्या वर झालात की. पुढे जा.’’

भिंतीमंत्र्यांनी विचारलं, ‘‘पाटी कुठे लागते?’’

‘‘दारावर.’’

‘‘मग भिंतीचा संबंध काय?’’

छपरेमंत्र्यांनी मान वर करून छताकडे पाहिलं आणि फाइल परत दिली. तिघांनीही एकच शेरा मारला होता: दारे कोणत्याही खात्याकडे नाहीत.

हा शेरा एकाला उपयोगी पडला. सरकारला एक मत कमी पडत होतं आणि एक अपक्ष सदस्य खात्याच्या शोधात होते. त्यांच्यासाठी दारे-खिडक्यांचं खातं निघालं. खोली मात्र उरली नव्हती, म्हणून त्यांना जिन्याखालची, पेंटरचीच खोली मिळाली. मंत्री आले, रंगाच्या डब्यावर बसले, फाइल वाचली आणि पेन उघडलं.

‘‘माझी पाटी?’’

‘‘आत्ताच रंगवली. दोन दिवसांत वाळेल.’’

‘‘ओली चालत नाही?’’

चालते म्हणून सांगितलं असतं तर पेंटर त्याच दिवशी सुटला असता. तो म्हणाला, ‘‘आजवर चालली नाही, साहेब.’’

मंत्र्यांनी पेन मिटलं.

या वेळी पेंटरने पाटी सहा नंबरला नेली नाही. ती घेऊन तो गच्चीवर गेला आणि दोन दिवस कबुतरं हाकत तिच्याजवळ बसला. खाली वेगळंच पेटलं होतं. खिडकी बसवायला जे भोक पाडतात ते आमच्या भिंतीत असतं, म्हणजे आमचं, असं भिंतीमंत्र्यांनी जाहीर केलं. अपक्ष मंत्री संतापून राजीनाम्याची भाषा बोलू लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी ते धापा टाकत गच्चीवर आले.

‘‘वाळली का?’’

‘‘शेवटचं अक्षर ओलं आहे.’’

‘‘हे सरकार तितका वेळ टिकणार नाही हो.’’

दोघं पाटीकडे बघत बसले. तीनच्या सुमारास पेंटरने शेवटच्या अक्षरावर बोट टेकवलं. बोट कोरडं निघालं. त्याने खाली जाऊन पाटी दारावर ठोकली. मंत्र्यांनी सही केली. पेंटरने पातेलं पिशवीत घातलं, सतरंजी शिपायाला दिली आणि बसस्टँड गाठला.

बस सुटायच्या बेतात होती तेव्हा शिपायाचा फोन आला.

‘‘पेंटर, तुमच्या मंत्र्यांनी राजीनामा दिला. सरकार पडलं.’’

‘‘आधी सही की आधी राजीनामा?’’

‘‘सही.’’

‘‘किती आधी?’’

‘‘वीस मिनिटं.’’

‘‘पुरे झाली,’’ पेंटर म्हणाला. ‘‘पाटी काढून ठेव. पुसू मात्र नकोस. पुढच्या खात्याला मागची बाजू कोरीच आहे.’’