आहात का?

सदाशिव पेठेतल्या औषधांच्या एका घाऊक दुकानाचा कोबोल या जुन्या कॉम्प्युटर-भाषेतला प्रोग्रॅम जावात आणायचं काम मला मिळालं, तेव्हा जावा नवी होती आणि मी चांगलीच शेफारलेली. कोबोलला आम्ही कॉलेजात नावं ठेवायचो. साधी बेरीज करायची तरी तिथे अख्खं वाक्य लिहावं लागे. मूळ प्रोग्रॅम लिहिणारे गृहस्थ वारले होते. आतल्या बिनखिडकीच्या खोलीत, दुपारी, त्याच खुर्चीत. हे मला उशिरा कळलं, तोवर मी तिथे बसून रोज डबा खात होते.

एक ते चार दुकान बंद. शटर खाली, माणसं जेवायला घरी, काउंटरमागे मालक आडवे आणि आत मी. एके दुपारी जुना प्रोग्रॅम चालता चालता थांबला आणि पडद्यावर रोमन लिपीत मराठी उमटलं, "आहात का?" मी कुठलंच बटण दाबलं नाही. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मग, "बरं. बाहेर कळवतो." बाहेर काहीच झालं नाही.

भीती घालवायला तो भाग उघडून वाचायला बसले. ज्या लांबलचक वाक्यांना मी हसत होते, ती पहिल्यांदाच नीट वाचली, तर कुणी शेजारी बसून सावकाश समजावून सांगतंय असं वाटायला लागलं. वळून बघायचा धीर होईना. आतला माणूस उत्तर देत नसेल तर काउंटरवरच्या कॉम्प्युटरची घंटी वाजवायची, एवढंच त्यात होतं. वर पुणेरी पाटीच्या थाटात शेरा: "हा भाग निरुपयोगी वाटल्यास आधी एकटे बसून पाहावे."

चार वाजता मालकांना घंटीचं विचारलं.

"झोपमोड व्हायची. आवाज बंद करून टाकला," ते म्हणाले. कधी, असं विचारल्यावर बराच वेळ बिलं चाळत राहिले. मग म्हणाले, "ते जायच्या आधी."

तो भाग मी जावात लिहिला, त्यांच्यासारखाच, कुणालाही वाचून कळेल असा, आणि काउंटरवरचा आवाज पुन्हा चालू केला. जावात असंही लिहिता येतं, हे मला कोबोलने दाखवलं. काम मालकांना आवडलं. पुढचं सगळं मीच सांभाळावं असं ठरलं. फक्त घंटी वाजली तेव्हा ते दचकले, आणि एवढं काढता येईल का, असं हळूच विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "आता आत मी असते."